एडिथ कोलमन

एडिथ कोलमन (माहेरचे आडनाव हार्म्स, जन्म : २९ जुलै १८७४, वोकिंग, सरे, इंग्लंड, मृत्यू : ३ जून १९५१, सोरेंटो, व्हिक्टोरिया, ऑस्ट्रेलिया) या ऑस्ट्रेलियन निसर्गअभ्यासक व निसर्गविषयक लेखिका होत्या. क्रिप्टोस्टायलिस या प्रजातीतील रानटी ऑर्किडे एका गांधीलमाशीच्या नराला मादीचा भास घडवतात आणि त्याच्याकरवी आपले परागण करून घेतात, हे त्यांनी १९२७ साली प्रसिद्ध केलेल्या निरीक्षणांतून दाखवून दिले. वनस्पतिशास्त्रात या प्रकाराला छद्ममीलन म्हणतात. उत्तर आफ्रिकेतील ऑर्किडांविषयी असेच निरीक्षण त्यांच्या आधी सुमारे दहा वर्षे प्रसिद्ध झाले होते, परंतु ते सहजी स्वीकारले गेले नव्हते. त्यापासून हजारो किलोमीटर दूर, अगदी वेगळ्या ऑर्किडावर आणि वेगळ्या कीटकावर कोलमन यांना तोच प्रकार आढळला. त्यामुळे ही एखादी स्थानिक विचित्र घटना नसून परागणाची एक स्वतंत्र रीत आहे, हे मान्य होण्यास मोठी मदत झाली. कोलमन यांच्याकडे विज्ञानातील पदवी नव्हती आणि कोणत्याही संस्थेत त्या संशोधक म्हणून नोकरीस नव्हत्या. त्यांचा पहिला निसर्गविषयक निबंध प्रसिद्ध झाला तेव्हा त्यांचे वय ४८ होते.

प्रारंभीचे जीवन

एडिथ यांचे वडील हेन्री हार्म्स हे सुतारकाम करीत. आईचे नाव शार्लट. इंग्लंडमधील सरे परगण्यात एडिथ यांचे बालपण गेले. १८८७ साली, त्या तेरा वर्षांच्या असताना, हे कुटुंब ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया या तत्कालीन ब्रिटिश वसाहतीत स्थायिक होण्यासाठी गेले. तेथे एडिथ यांनी शिकाऊ शिक्षिका म्हणून काम सुरू केले. त्या काळी शिकाऊ शिक्षक दिवसा वर्गावर शिकवीत आणि उरलेल्या वेळात स्वतःचा अभ्यास करून परीक्षा देत. सामान्य परिस्थितीतील हुशार मुलींना पुढे जाण्यासाठी जे थोडे मार्ग खुले होते, त्यांतील हा एक होता.

१८९८ साली त्यांचा विवाह जेम्स कोलमन यांच्याशी झाला आणि त्यांची शिक्षिकेची नोकरी संपली. त्या काळच्या व्हिक्टोरियात विवाहित स्त्रीला सरकारी शाळेत कायमस्वरूपी शिक्षिका राहता येत नसे. हा निर्बंध पुढे १९५६ पर्यंत टिकला. पुढची दोन तपे एडिथ यांनी संसारात घालवली. डोरोथी आणि ग्लॅडिस या दोन मुली झाल्या. मेलबर्नच्या पूर्वेकडील ब्लॅकबर्न या उपनगरात त्यांचे घर होते. त्या वेळी तेथे फळबागा व मोकळे रान पुष्कळ होते. घराला त्यांनी सरेमधील आपल्या मूळ परिसराची आठवण देणारे 'वॉल्शॅम' हे नाव दिले होते. घराभोवती मोठी बाग होती. पुढे हील्सव्हिल येथे रानालगत त्यांचे एक छोटे घरही झाले. जेम्स कोलमन यांना मोटारगाडीची हौस होती. गाडी ही चैनीची वस्तू असलेल्या त्या काळात या हौसेमुळे मायलेकींना शहराबाहेरच्या रानांत हिंडणे सोपे झाले.

फील्ड नॅचरलिस्ट्स क्लबमधील प्रवेश

'फील्ड नॅचरलिस्ट्स क्लब ऑफ व्हिक्टोरिया' ही १८८० साली स्थापन झालेली हौशी निसर्गअभ्यासकांची संस्था आहे. 'द व्हिक्टोरियन नॅचरलिस्ट' हे तिचे नियतकालिक. १९२२ मध्ये एडिथ कोलमन या संस्थेच्या सदस्य झाल्या आणि त्याच वर्षी शरद ऋतूत फुलणाऱ्या ऑर्किडांवरील त्यांचा निबंध या नियतकालिकात आला. निबंध नवख्या माणसाचा वाटत नाही, कारण त्यामागे बागेत आणि रानात घालवलेली अनेक वर्षे होती.

व्हिक्टोरियातील ऑर्किडे बहुतांशी जमिनीवर वाढणारी आहेत. महाराष्ट्रातील वाचकांना आमर किंवा आमरी या नावाने परिचित असलेली, सह्याद्रीत आंब्या-जांभळाच्या फांद्यांवर रुजून लोंबते तुरे काढणारी ऑर्किडे ती नव्हेत. ही रोपे वीतभर ते हातभर उंचीची, गवतात सहज न दिसणारी असतात. त्यांतील कित्येकांना वर्षाकाठी एकच पान येते आणि फुले थोडेच दिवस टिकतात. अशी रोपे शोधायला नजर हवी आणि ऋतूंचे गणित पक्के हवे. कोलमन यांच्यापाशी दोन्ही होते. ॲडिलेडचे डॉक्टर आणि ऑर्किडतज्ज्ञ रिचर्ड सँडर्स रॉजर्स यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार होता; नमुने त्यांच्याकडे जात. रॉजर्स यांनी १९२३ साली एका नव्या जातीला कोलमन मायलेकींच्या सन्मानार्थ त्यांचे नाव दिले. प्रॅसोफिलम प्रजातीतील हे ऑर्किड मेलबर्नच्या पूर्वेकडील पट्ट्यात मिळाले होते. शहर त्या दिशेने पसरत गेले आणि हे ऑर्किड दिसेनासे झाले. ते आता नष्ट झाले असावे असे मानतात.

जुने कोडे

कोलमन यांच्या शोधाचे महत्त्व कळण्यासाठी त्याआधीची स्थिती पाहावी लागते. युरोपात भूमध्य समुद्राभोवती ऑफ्रिस प्रजातीची ऑर्किडे उगवतात. त्यांची फुले मधमाशी, माशी वा गांधीलमाशी बसली असावी अशी दिसतात, आणि त्यांची लोकांत रूढ नावेही या कीटकांवरूनच पडली आहेत. या साम्याचे प्रयोजन काय, याविषयी वनस्पतिशास्त्रज्ञांत शंभर वर्षे तर्क चालले होते. फुलावर आधीच कोणी बसले आहे असे वाटून इतर कीटक दूर राहावेत, अशी एक कल्पना होती. चार्ल्स डार्विन यांनी १८६२ साली ऑर्किडांच्या परागणावर संपूर्ण ग्रंथ लिहिला. एकाच फुलाचे पराग त्याच फुलाच्या कुक्षीवर न पडता दुसऱ्या फुलाकडे कसे जातात, हे त्यांनी कितीतरी जातींत उलगडून दाखवले. परंतु मधमाशीसारखे दिसणारे ऑफ्रिस त्यांना पेचात टाकत राहिले. इंग्लंडमध्ये हे फूल कीटकाची वाट न पाहता स्वतःच्याच परागांनी बी धरते. मग कीटकासारख्या रूपाचा खटाटोप कशासाठी, हा प्रश्न त्यांच्याकडून सुटला नाही.

उत्तराचा धागा अल्जीरियात सापडला. तेथे न्यायाधीश असलेले मॉरिस-अलेक्झांड्र पुयान यांनी सुमारे वीस वर्षे ऑफ्रिस ऑर्किडांचे निरीक्षण केले. आरशासारखा चकाकणारा निळा ठिपका आणि भोवती तांबूस केसांची झालर असलेल्या ऑफ्रिसवर एका विशिष्ट गांधीलमाशीचे केवळ नरच येतात, मध शोधण्याचा कोणताही प्रयत्न करीत नाहीत आणि मादीशी समागम करावा तसे फुलाशी वागतात, असे त्यांना आढळले. या माशीचे नर मादीच्या आधी जमिनीतून बाहेर पडतात आणि या मधल्या काळातच फुलाचे काम साधते. स्विस उद्यानतज्ज्ञ आंरी कोरेव्हाँ यांच्यासह पुयान यांनी हे १९१६ साली प्रसिद्ध केले. युरोपात तेव्हा महायुद्ध चालू होते, लेख उद्यानविषयक नियतकालिकात आला होता आणि सांगितलेली गोष्ट विलक्षण होती. इंग्लंडमध्ये मास्टर्स जॉन गॉडफेरी यांच्यासारख्या मोजक्या अभ्यासकांनी तिचा पाठपुरावा केला. बाकीच्यांच्या दृष्टीने ती एका हौशी माणसाची हकीकत होती.

छोट्या जिव्हा-ऑर्किडावरील निरीक्षण

क्रिप्टोस्टायलिस लेप्टोकिला हे ऑर्किड आग्नेय ऑस्ट्रेलियातील ओलसर रानात उन्हाळ्यात, म्हणजे डिसेंबर ते मार्चच्या सुमारास फुलते. त्याला छोटे जिव्हा-ऑर्किड असे म्हणतात. पाने जाडसर, वरून हिरवी आणि खालून जांभळट असतात. उभ्या दांड्यावर काही फुले येतात. फुलाचे बाकीचे दलभाग दोऱ्यासारखे बारीक व फिकट हिरवे असल्याने नजरेत भरते ते एकटे ओष्ठक. अनेक ऑर्किडांत ओष्ठक खाली असते आणि ते कीटकाला बसायला पाट पुरवते. येथे ते वर रोखलेले, मागे वाकलेले, गडद तांबडे आणि केसाळ असते व त्यावर काळसर चकचकीत गाठींच्या दोन रांगा असतात. माणसाच्या डोळ्याला या फुलात गांधीलमाशी दिसेलच असे नाही. ऑफ्रिसचे सोंग आपल्यालाही कळते. याचे फक्त ज्याला फसवायचे त्यालाच कळते.

१९२६-२७ च्या उन्हाळ्यात डोरोथी कोलमन यांना या फुलांपाशी गांधीलमाश्यांचे वागणे चमत्कारिक वाटले. माशी फुलात डोके घालून शिरत नव्हती. ती फुलावर उतरून वळे आणि पाठमोरी, पोटाचे टोक पुढे करून आत शिरे. त्यांनी ही गोष्ट आईला सांगितली. शोधाची सुरुवात डोरोथी यांच्या नजरेतून झाली, याची नोंद एडिथ यांनी स्वतःच्या लेखनात ठेवली आहे. नंतरच्या अनेक संक्षिप्त वृत्तांतांतून मात्र मुलीचा उल्लेख गळत गेला.

पुढचे काम म्हणजे ही नुसती गंमत होती की त्यात काही नियम होता, हे ठरवणे. मायलेकींनी फुलांजवळ तासन्‌तास बसून भेटींची नोंद केली. प्रत्येक वेळी माशी पाठमोरीच शिरत होती. पोट आत वाकवून ती काही क्षण फुलाला घट्ट धरून राही आणि उडताना ऑर्किडाचे परागपुंज तिच्या पोटाच्या टोकाला चिकटलेले असत. पराग डोक्यावर वा पाठीवर न चिकटता नेमके येथेच का चिकटतात, याचे उत्तर त्या पवित्र्यातच होते. दुसऱ्या फुलात तीच हालचाल झाली की पराग कुक्षीवर लागत. पकडलेले नमुने कीटकतज्ज्ञांकडे पाठवल्यावर दोन गोष्टी स्पष्ट झाल्या. सर्व माश्या एकाच जातीच्या होत्या. तिचे आजचे नाव लिसोपिम्पला एक्सेल्सा असे आहे, कोलमन यांच्या लेखांत ते लिसोपिम्पला सेमिपंक्टाटा असे येते. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची होती : त्या सर्व नर होत्या.

इक्न्युमॉनिड कुळातील ही गांधीलमाशी नारिंगी-तांबड्या अंगाची असून तिच्या काळ्या पोटावर पांढरे ठिपके असतात. मादी आपली अंडी पतंगांच्या अपक्व अवस्थांत घालते. फुलावर येणारी माशी मादी असती, तर ती अंडी घालायला जागा शोधत आहे असे म्हणता आले असते. नरांबाबत हा अर्थ संभवत नव्हता. मधाचे कारणही टिकत नव्हते, कारण या फुलांत मध नसतो. फुलावर शत्रू समजून हल्ला होत असावा ही शंका घ्यावी, तर मिठी मारून पोट वाकवण्याच्या त्या हालचालीत हल्ल्याचे काही चिन्ह नव्हते. एकेक शक्यता बाजूला काढल्यावर जे उरले ते कोलमन यांनी स्पष्ट शब्दांत मांडले : नर या फुलाला आपल्या जातीची मादी समजतो. मे १९२७ मध्ये 'द व्हिक्टोरियन नॅचरलिस्ट'मध्ये हा लेख प्रसिद्ध झाला.

पुढच्या हंगामांत त्यांनी निरीक्षणे वाढवली. फुले रानातून आणून घरात खिडकीजवळ ठेवली तरी नर तेथे पोहोचत. एरवी ही माशी तेथे क्वचितच दिसे. रूपाआधी गंध नराला ओढून आणतो, असा निष्कर्ष यातून निघाला. फुलाजवळ आल्यावर स्पर्श आणि रूप यांचे काम सुरू होते. काही वेळा नराचा समागम फुलावरच पूर्ण होतो, ही बाबही त्यांनी १९२८ मधील लेखात नोंदवली.

विषयाचे स्वरूप पाहता या लेखनाला धाडस लागले असणार. मध्यमवर्गीय गृहिणीने वनस्पतींवर लिहिणे त्या काळच्या समाजाला शोभून दिसे. फुलांची चित्रे काढणे, बागकाम, मुलांसाठी निसर्गपाठ हे स्त्रियांचे प्रांत समजले जात. कीटकाच्या समागमाचे तपशीलवार वर्णन त्या प्रांतात बसणारे नव्हते. कोलमन यांनी आडपडदा ठेवला नाही आणि चटकदारपणाही येऊ दिला नाही. एरवी त्यांची शैली रसाळ आणि काव्याकडे झुकणारी आहे; या लेखांत ती काटेकोर होते.

एक गांधीलमाशी, अनेक ऑर्किडे

१९२७ नंतरच्या तीन-चार वर्षांत कोलमन यांनी क्रिप्टोस्टायलिसच्या इतर जाती तपासल्या. मोठे जिव्हा-ऑर्किड (क्रिप्टोस्टायलिस सबुलाटा) आणि टोपीसारख्या ओष्ठकाचे क्रिप्टोस्टायलिस इरेक्टा यांची फुले लेप्टोकिलापेक्षा बरीच निराळी दिसतात. तरीही त्यांवर येणारा नर तोच निघाला. खंडाच्या दुसऱ्या टोकाला, पश्चिम ऑस्ट्रेलियात वाढणाऱ्या क्रिप्टोस्टायलिस ओव्हाटाच्या बाबतीतही तेच दिसले. ऑस्ट्रेलियात या प्रजातीच्या पाच जाती आहेत आणि पाचही जातींचे परागण ही एकच गांधीलमाशी करते, हे आता माहीत झाले आहे.

यातून नवा प्रश्न उभा राहतो. फसवणुकीने परागण करून घेणारी बहुतेक ऑर्किडे प्रत्येकी आपापला वेगळा कीटक धरून असतात, त्यामुळे एकाचे पराग दुसऱ्या जातीवर जात नाहीत. येथे तर एकाच रानात दोन-तीन जाती एकाच वेळी फुलतात आणि एकच नर सगळ्यांकडे जातो. तरीही निसर्गात त्यांचे संकर आढळत नाहीत. याचे कारण कीटकाच्या वर्तनात नसून या जातींच्या जननिक भिन्नतेत आहे, असे अलीकडच्या अभ्यासांतून दिसते.

वैज्ञानिक जगाची दखल

मेलबर्नच्या हौशी मंडळाचे नियतकालिक युरोप-अमेरिकेत फारसे वाचले जात नसे. पुयान यांच्या वाट्याला आलेली उपेक्षा कोलमन यांच्या वाट्याला तितकी आली नाही, याचे एक कारण ऑक्सफर्डचे प्राणिशास्त्राचे प्राध्यापक एडवर्ड बॅगनॉल पोल्टन हे होय. कीटकांमधील अनुकृती हा पोल्टन यांच्या आयुष्यभराच्या अभ्यासाचा विषय होता. त्यांनी कोलमन यांच्या निरीक्षणांचे मोल ओळखले आणि ती लंडनच्या कीटकशास्त्रीय संस्थेपुढे आणली. १९२८ साली या संस्थेच्या 'ट्रान्झॅक्शन्स'मध्ये कोलमन यांचा लेख आला आणि त्यानंतर वर्षभरात लंडनच्या 'जर्नल ऑफ बॉटनी'मध्येही त्यांनी या विषयावर लिहिले. ज्यांनी पुयान यांचे म्हणणे अविश्वासाने बाजूला ठेवले होते, त्यांच्यापुढे आता दोन खंडांतून आलेले, एकमेकांशी जुळणारे पुरावे होते.

हार्वर्ड विद्यापीठातील ऑर्किडतज्ज्ञ ओक्स एम्स यांनी १९३७ साली छद्ममीलनाने होणाऱ्या परागणाचा आढावा प्रसिद्ध केला. त्यात अल्जीरिया आणि ऑस्ट्रेलिया येथील कामाला मध्यवर्ती स्थान आहे. पुढे स्वीडनचे बर्टिल कुलेनबर्ग यांनी ऑफ्रिसवर प्रदीर्घ संशोधन करून १९६१ मध्ये ते ग्रंथरूपाने मांडले आणि हा विषय पाठ्यपुस्तकांत स्थिरावला.

नंतरचे संशोधन

गंध हेच पहिले आमिष असते, हा कोलमन यांचा अंदाज पुढे रसायनशास्त्राने खरा ठरवला. १९९९ साली युरोपातील एका ऑफ्रिसच्या फुलांत मादी मधमाशीच्या अंगावर असतात तीच हायड्रोकार्बने आढळली. २००३ साली ऑस्ट्रेलियातील किलोग्लॉटिस या ऑर्किडाच्या फुलात आणि त्याला भुलणाऱ्या गांधीलमाशीच्या मादीत एकच कामगंधद्रव्य सापडले. क्रिप्टोस्टायलिसच्या ओष्ठकाचा रंग आपल्याला मादीसारखा वाटत नसला, तरी गांधीलमाशीच्या दृष्टीने तो मादीच्या रंगाशी मिळताजुळता असतो, असेही दाखवले गेले आहे. या माश्यांना तांबडा रंग आपल्यासारखा दिसत नाही.

कोलमन यांचे सर्वांत अविश्वसनीय वाटणारे निरीक्षण ऐंशी वर्षांनी पुन्हा चर्चेत आले. ॲन गॅस्केट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लिसोपिम्पलाचे नर क्रिप्टोस्टायलिसच्या फुलांवर प्रत्यक्ष शुक्रद्रव्य सोडतात, याला पुष्टी मिळाली. म्हणजे नराचे नुकसान केवळ वेळेचे नसते. एवढी किंमत मोजावी लागत असताना ही गांधीलमाशी टिकली कशी? यावर या संशोधकांनी मांडलेले स्पष्टीकरण लक्षणीय आहे. मुंग्या, मधमाश्या आणि गांधीलमाश्या यांच्यात फलित अंड्यातून मादी व अफलित अंड्यातून नर जन्मतो. नर फुलांमागे लागल्यामुळे एखादी मादी जोडीदाराविना राहिली, तरी ती अंडी घालू शकते. मात्र त्यांतून नरच निपजतात. नर वाढले की माद्या मिळणे दुरापास्त होते, उतावळे नर वाढतात आणि ऑर्किडाला फसवायला गिऱ्हाईक कमी पडत नाही. लैंगिक फसवणूक करणारी कितीतरी ऑर्किडे नेमकी याच गटातील कीटकांना का भुलवतात, याचा उलगडा यातून होऊ शकतो.

इतर लेखन

ऑर्किडांमुळे कोलमन यांचे नाव राहिले असले, तरी त्यांच्या लेखनाचा तो एक भाग होता. तीनशेहून अधिक लेख त्यांच्या नावावर आहेत आणि त्यांतील शंभराहून अधिक एकट्या 'द व्हिक्टोरियन नॅचरलिस्ट'मध्ये आलेले आहेत. मेलबर्नच्या वृत्तपत्रांतून आणि मासिकांतून त्या सर्वसामान्य वाचकांसाठी लिहीत. पक्षी, कोळी, काडीकिडे, बागेतील औषधी व सुगंधी वनस्पती, झाडांवर वाढणारी बांडगुळे असे त्यांचे विषय विविध होते. अंडी घालणारा सस्तन प्राणी असलेल्या एकिडनाला त्यांनी घरी पाळून त्याच्या सवयी टिपल्या. बांडगुळांवरील लेखमाला त्यांनी पंच्याहत्तरीच्या उंबरठ्यावर लिहिली.

ऑस्ट्रेलियन बाभळीच्या फुलोऱ्यावर लिहिलेली 'कम बॅक इन वॉटल टाइम' ही पुस्तिका १९३५ साली प्रसिद्ध झाली. विपुल लेखन करूनही त्यांच्या नावावर मोठा ग्रंथ नाही आणि याचा त्यांच्या कीर्तीवर परिणाम झाला. वृत्तपत्रातील लेख दुसऱ्या दिवशी जुना होतो; मंडळाच्या नियतकालिकाचे अंक ग्रंथालयाबाहेर जात नाहीत. परागणावरील संशोधनपर लेखांत त्यांचे आडनाव आणि प्रकाशनवर्ष यांचा संदर्भ सतत येत राहिला, पण ही व्यक्ती कोण हे वाचणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना ठाऊक होते.

ऑर्किडांच्या परागणावरील त्यांचे कामही क्रिप्टोस्टायलिसपुरते मर्यादित नव्हते. १९३० नंतर त्यांनी डाययुरिस, टेरोस्टायलिस, प्रॅसोफिलम या प्रजातींवर लेख लिहिले. यांतील प्रत्येकीची रीत वेगळी आहे. टेरोस्टायलिसमध्ये तर ओष्ठक स्पर्शाने झटकन मिटून बारीक माशीला फुलात कोंडते आणि बाहेर पडण्याच्या एकमेव अरुंद वाटेवर पराग तिच्या अंगाला लागतात. नव्या अभ्यासकांना त्या पत्रांतून मार्गदर्शन करीत. पश्चिम ऑस्ट्रेलियातील रिका एरिक्सन यांचे नाव त्यांत महत्त्वाचे आहे. एरिक्सन याही मूळच्या शिक्षिका. पुढे त्या वनस्पतिचित्रकार व लेखिका म्हणून प्रसिद्ध झाल्या.

सन्मान आणि अखेरचा काळ

१९४९ साली एडिथ कोलमन यांना 'ऑस्ट्रेलियन नॅचरल हिस्ट्री मेडॅलियन' हे पदक मिळाले. ऑस्ट्रेलियाच्या निसर्गज्ञानात मोलाची भर घालणाऱ्यांना ते १९४० पासून दिले जाते. हे पदक मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला होत. अखेरची वर्षे त्यांनी मेलबर्नच्या दक्षिणेला पोर्ट फिलिप उपसागराच्या काठी असलेल्या सोरेंटो येथे घालवली. ३ जून १९५१ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. त्या वेळी त्या ७६ वर्षांच्या होत्या.

त्यांचे सविस्तर चरित्र लिहिले जाण्यास आणखी ६७ वर्षे लागली. प्राणिशास्त्रज्ञ व लेखिका डॅनियल क्लोड यांचे 'द वास्प अँड द ऑर्किड' हे पुस्तक २०१८ साली प्रसिद्ध झाले. विखुरलेल्या लेखांतून कोलमन यांचे आयुष्य त्यात जुळवून मांडले आहे. छोटे जिव्हा-ऑर्किड व्हिक्टोरिया आणि न्यू साउथ वेल्सच्या रानांत आजही उन्हाळ्यात फुलते, आणि लिसोपिम्पलाचे नर अद्याप त्याच्याकडे पाठमोरेच शिरतात.